सुई, तार आणि चांद्रयान

विमानविद्या आणि अवकाशप्रवास यांच्या इतिहासात स्त्रियांचे स्थान शोधताना बहुतेक अभ्यासक चालकाच्या आसनाकडे पाहतात, आणि तसे पाहिले की १९६० च्या दशकातील अमेरिकेच्या पदरात फारसे काही पडत नाही. सोव्हिएत संघाच्या व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांनी जून १९६३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. अमेरिकेत मात्र अंतराळवीर होण्यासाठी जेट विमानांच्या चाचणी-उड्डाणांचा अनुभव आवश्यक ठरवण्यात आला होता, आणि ती कामे स्त्रियांना मिळतच नसल्यामुळे, खासगीरीत्या घेतलेल्या वैद्यकीय चाचण्यांत उत्तीर्ण झालेल्या १३ महिला वैमानिकांनाही दार बंदच राहिले. परंतु त्याच दशकातील अपोलो मोहिमेची यंत्रसामग्री तपासली, तर तिचे काही अत्यंत नाजूक भाग स्त्रियांच्या हातून घडलेले दिसतात.

त्यांतील सर्वांत विलक्षण भाग म्हणजे यानाच्या मार्गदर्शक संगणकाची स्थायी स्मृती, अर्थात आज्ञावली जिच्यात कायमची साठवलेली असते आणि वीज गेली तरी जी पुसली जात नाही अशी स्मृती. संगणकाची रचना एमआयटी या संस्थेच्या उपकरण प्रयोगशाळेने केली, तर स्मृतीची बांधणी मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात झाली, आणि तिथल्या कामगार स्त्रियांत घड्याळांच्या व कापडाच्या धंद्यात हात बसलेल्या अनेकजणी होत्या. चुंबकीय कड्यातून तार ओवली की अंक १, कड्याला वगळून बाहेरून नेली की ०, एवढेच तत्त्व. पण एकेका कड्याशी अशा १९२ तारांचा संबंध येई, आणि सहा संचांत मिळून ३६,८६४ ‘शब्द’, म्हणजे एका वेळी वाचले जाणारे अंकसमूह, साठवावे लागत. दोन स्त्रिया समोरासमोर बसत, छिद्रित फितीच्या आधारे चालणारे यंत्र नेमके कडे सुईसमोर आणी, आणि तारेची सुई एकीच्या हातून दुसरीच्या हाती जाई. या कामाला कित्येक आठवडे लागत आणि ओवलेली तार उकलणे जिकिरीचे असे, म्हणून मार्गारेट हॅमिल्टन यांच्यासारख्या आज्ञावलीकारांना आपले काम उड्डाणाच्या पुष्कळ आधी पक्के करून द्यावे लागे. अभियंत्यांनी या स्मृतीला ‘म्हाताऱ्यांची स्मृती’ असे टोपणनाव दिले होते. त्यात कौतुकापेक्षा थट्टाच अधिक होती, असे म्हणावे लागते. त्या ओवणीची खरी परीक्षा १४ नोव्हेंबर १९६९ रोजी झाली: अपोलो १२ वर उड्डाणानंतरच्या पहिल्याच मिनिटात दोनदा वीज कोसळली, दिशादर्शक यंत्रणा कोलमडली, पण तारांत गुंफलेली आज्ञावली जशीच्या तशी राहिली.

अंतराळवीरांच्या पोशाखाची कथाही याच जातीची आहे. तो डेलावेअरमधील डोव्हर येथे, स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवणाऱ्या इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशनमध्ये शिवला गेला. रबरी, धातूचा मुलामा दिलेले आणि न जळणारे असे अनेक थर एकमेकांवर जोडताना टीप जराशी हलली तरी तुकडा बाद होई, आणि थरांत टाचणी विसरली गेल्यास हवा कोंडून धरणारा थर भोसकला जाण्याचा धोका असल्यामुळे पोशाखांची क्ष-किरण तपासणी केली जाऊ लागली.

ओवणे आणि शिवणे ही बायकांची उपजत कामे मानली गेल्यामुळे त्यांतील कसब अभियांत्रिकीच्या हिशेबात धरले गेले नाही, आणि हा हिशेब चुकीचाच होता. १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर चाललेल्या १२ जणांत एकही स्त्री नव्हती. त्या बाराही जणांचे पोशाख डोव्हरमध्येच शिवलेले होते.