घरचा शोक आणि बाहेरची वार्ता

घरांतून एखादें माणूस गेलें म्हणजे त्याच्या जाण्याची वार्ता दोन वाटांनीं बाहेर पडते. एक वाट उंबरठ्यावरून जाते. सुतक, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, आणि पुढें कित्येक वर्षें सणाच्या दिवशीं पंक्तींत रिकामा भासणारा एक पाट, या तिच्या खुणा. दुसरी वाट नगरपालिकेच्या नोंदवहींतून वर्तमानपत्राच्या रकान्यांत जाते, व तेथें माणसाचा आंकडा होतो. एरवीं या दोन वाटा परस्परांस फारशा आडव्या येत नाहींत. सांथीच्या दिवसांत मात्र त्यांची गांठ पडते; आणि १८९७ सालीं पुण्यांत ती जशी पडली, तशी महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत क्वचितच पडली असेल.

प्लेगची ओळख प्रथम मुंबईच्या मांडवी भागांत पटली. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरानें हा साधा ताप नव्हे, ग्रंथिक सन्निपात आहे, असें निदान केलें. मग मिळेल त्या गाडीनें लोक मुंबईबाहेर पडूं लागले आणि त्यांच्या सामानाबरोबर रोगही घांट चढून वर आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा; पण त्या चार कलमांत सरकारला काय करतां येणार नाहीं हें शोधून काढणें कठीण! पुण्यांत रँडसाहेबाच्या हाताखालीं प्लेग कमिटी बसली, व मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊं लागल्या.

या झडत्यांनीं लोकांचें काय दुखावलें, हें आज नीट उमजण्यासाठीं तेव्हांचें घर डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. पायांतील बुटांसह परका शिपाई माजघरांत, स्वयंपाकघरांत, देवघरांत शिरत असे. रोगी सांपडला तर त्यास इस्पितळांत नेत, घरच्या निरोग्यांस सेग्रिगेशनच्या छावणींत ठेवीत, आणि अंथरुणें, कपडे, कधीं सामानसुमानही जाळून टाकीत. मृत्यूची नोंद झाल्यावांचून प्रेत हलवावयाची सोय नव्हती. ज्या समाजांत मृताचे दहा दिवस हे जिवंतांच्या शोकाचेंच वेळापत्रक असतें, तेथें बाप एका जागीं, आई दुसऱ्या जागीं आणि पिंड द्यावयास कोणीच मोकळें नाहीं, अशी स्थिति झाली. लोक रोगी लपवूं लागले. त्यास अज्ञान म्हणणें सोपें आहे. पण ज्या उपायानें माणूस मरण्यापूर्वींच घराला दुरावतें, तो उपाय घरानें आपण होऊन बोलवावा अशी अपेक्षा करणें हेंही शहाणपणाचें नव्हे.

सरकारच्या बाजूनें एवढें म्हटलेंच पाहिजे, कीं रोग खरा होता आणि स्वस्थ बसणें हा गुन्हा ठरला असता. पण रोग पसरतो कसा, याचा उलगडा तोंवर कोणासच झालेला नव्हता. १८९८ सालीं पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविलें, व तें म्हणणें विद्वानांस मान्य व्हावयास पुढें आणखी जवळजवळ दहा वर्षें लागलीं. खेड्यांतले लोक मात्र ‘उंदीर पडूं लागले’ कीं घर सोडून माळावर झोपड्या बांधीत. त्यांनीं कोणताही अहवाल वाचलेला नव्हता.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. २२ जून १८९७ च्या रात्रीं, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परत येत असतां, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट तत्काळ मेला. रँड ३ जुलै रोजीं. या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत गेलेले होते. वय अवघें एकतीस. फर्ग्युसन कॉलेजांतले प्राध्यापक. पुण्याच्या मित्रांकडून त्यांना जीं पत्रें येत होतीं, त्यांवर विसंबून त्यांनीं ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत दिली. सोजिरांनीं दोन स्त्रियांची अब्रू घेतली व त्यांपैकीं एकीनें पुढें आत्महत्या केली, असें त्यांनीं त्या मुलाखतींत सांगितलें. घरांतली गोष्ट एका झेपेंत साता समुद्रांपार जाऊन छापली गेली. मुंबई सरकारनें साफ इन्कार केला आणि पुरावा मागितला.

गोखले परत आले तेव्हां पुण्याची हवा पालटलेली होती. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊं घातला होता. नातूबंधूंना खटल्यावांचूनच अटकेंत टाकण्यांत आलें होतें. अशा वेळीं ‘अमुक घरांतील अमुक स्त्री’ म्हणून कोण पुढें येणार? ज्यांनीं पत्रें लिहिलीं तेही नांव द्यावयास धजले नाहींत. सिद्ध करतां येत नाहीं तें मागें घेतलें पाहिजे, असें ठरवून गोखल्यांनीं जाहीर व बिनशर्त माफी मागितली. इंग्रजांनीं त्यांना खोटें ठरविलें, स्वकीयांनीं भित्रें ठरविलें. पुढें पुण्यांत प्लेगनें पुन्हा डोकें वर काढलें, तेव्हां हेच गोखले स्वयंसेवक होऊन प्लेगनिवारणाच्या कामांत राबले. आमच्या मतें त्यांच्या माफीवरील टीकेचें उत्तर त्या कामांत आहे. पण तो वाद येथें नको.

आम्हांस विचार पडतो तो त्या न सांगितलेल्या नांवांचा. पुराव्याअभावीं गोष्ट खोटी ठरली, असें सरकारी बाजूचे लेखक लिहितात. भीतीनें साक्षीदार दबले, असें राष्ट्रीय बाजूचे लिहितात. यांत भीतीचा भाग होताच. परंतु भय नसतें तरी त्या घरांनीं नांव सांगितलें असतें काय? हा प्रश्न आम्हीं कित्येक वर्षें केवळ इतिहासाचा म्हणून वाचीत होतों. १३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें तोच १८९७ चा कायदा करोनासाठीं लागू केला, आणि पुढल्या वर्षीं एप्रिलांत आमचे थोरले काका एका इस्पितळाच्या दारांत खाटेची वाट पाहत वारले. त्यांचें शेवटचें दर्शन कोणासही झालें नाहीं. दहाव्याला घाटावर जाणें शक्य नव्हतें. गुरुजींनीं दूरध्वनीवर मंत्र सांगितले. कांहीं दिवसांनीं एका वर्तमानपत्राच्या बातमीदारानें आमच्याकडे हकीकत विचारली. माणूस सज्जन होता, हेतु चांगला होता, आणि कसलीही भीति आम्हांस नव्हती. तरी घरांतून एकमुखानें उत्तर आलें, कीं लिहा, पण नांव नको. कारण कोणासच सांगतां आलें नाहीं. नांव छापलें असतें तर काका आमचे न राहतां त्या बातमीचे झाले असते, असें कांहींसें सर्वांच्या मनांत होतें.

म्हणून १८९७ च्या मौनाला केवळ भय हें कारण आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. मात्र या मौनाची किंमत आहे, व ती इतिहासाला मोजावी लागते. ज्यांचीं नांवें लोकांस ठाऊक होतीं, त्यांचेच मृत्यु आज आपणांस माणसांचे मृत्यु म्हणून दिसतात. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें गेल्या. भगूरच्या सावरकरांचें पितृछत्र १८९९ त प्लेगनेंच हरपलें. टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ त गेला. हीं घरें आपणांस ठाऊक आहेत. पहिल्या पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानांत प्लेगनें सुमारें एक कोटि माणसें मेलीं, आणि उरलेलीं सारीं घरें त्या एका शब्दांत मावलीं.

आमच्या काळांतही आंकड्यांवरून वाद झालाच. २०२१ च्या अखेरीपर्यंत करोनानें मेलेल्यांची सरकारी संख्या पांच लाखांच्या आंत होती. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२२ मध्यें त्या दोन वर्षांतील जादा मृत्यूंचा अंदाज सत्तेचाळीस लाखांच्या घरांत दिला, व भारत सरकारनें अंदाजाची ती रीतच अमान्य केली. या दोन संख्यांमधलें अंतर म्हणजे कोणाचीं तरी घरें आहेत, एवढें खरें; पण तीं कोणाचीं, हें विचारावयास कोणी दारांत आलें तर किती दारें उघडतील याची आम्हांस शंकाच आहे.

२०२१ च्या उत्तरार्धांत मृतांच्या वारसांस पन्नास हजार रुपये देण्याचें ठरलें. आपल्याकडील मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिण्याची पद्धत नाहीं. तेव्हां कारण सिद्ध करणारे कागद वेगळे जमवून अर्ज करावा लागे. काकूंनीं अर्ज करूं नये, असें आमच्यांतील दोघांतिघांचें मत होतें. काकूंनीं तें ऐकून घेतलें आणि अर्ज मागविला. त्या जुन्या वळणाच्या. उखाण्यावांचून त्यांनीं काकांचें नांव घेतलेलें आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें. मृताच्या संपूर्ण नांवाचा रकाना त्यांनीं दुसऱ्या कोणास भरूं दिला नाहीं.