आधी सुटा ठोका, मग मशीन

ऑगस्ट १९७७. तुम्ही मॅकल्सफील्डमध्ये आहात. मँचेस्टरच्या दक्षिणेचं हे गाव एकेकाळी रेशमाच्या गिरण्यांवर पोसलेलं. वाद्यांच्या दुकानाच्या काचेवर एक चिठ्ठी आहे: 'वॉर्सा' या पंक बँडला ड्रमर हवाय. लावणारा बँडचा गायक इयन कर्टिस. एकोणीस वर्षांचा स्टीफन मॉरिस ती वाचतो. दोघंही किंग्ज स्कूलचे. आधीचे ड्रमर आले नि गेले, हा टिकतो. पुढच्याच वर्षी बँडचं नाव 'जॉय डिव्हिजन' होतं.

आता एप्रिल १९७९, स्टॉकपोर्टचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ. 'अननोन प्लेझर्स' या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू आहे. कोपऱ्यात गुपचूप बसा. निर्माता मार्टिन हॅनेटला मधे बोललेलं खपायचं नाही. एका ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जराही झिरपता कामा नये, हा त्याचा हट्ट. ज्या गाण्याची सिंगल निघेल असं त्याला वाटतं, त्यात तो मॉरिसला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावतो. आधी नुसता बेस ड्रम, मग नुसता स्नेअर. तबलजीला 'आज फक्त डग्गा, चाट उद्या' म्हणावं, तसलाच प्रकार. हातापायांना एकत्र चालायची सवय. आता एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं आणि अख्खा ठेका डोक्यात धरायचा. वर हॅनेट त्या आवाजांवर डिजिटल डिलेचा थर चढवतो. स्पीकरमधून येतं ते गार, कोरडं, यंत्रासारखं. वाजवणारा मात्र समोर घामाघूम.

१८ मे १९८०. अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर कर्टिस आत्महत्या करतो. उरलेले तिघं 'न्यू ऑर्डर' या नावानं पुन्हा उभे राहतात. त्याच वर्षी गिलियन गिल्बर्ट बँडमध्ये येते. पुढे १९९४मध्ये ती आणि मॉरिस लग्न करतात.

आता लंडनला, ब्रिटानिया रो स्टुडिओत. न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' हे गाणं आकार घेतंय. मॉरिसपुढे ओबरहाइम डीएमएक्स हे ड्रम मशीन आहे. काठ्या बाजूला, बोटं बटणांवर. डोना समरच्या एका रेकॉर्डच्या बी-साइडवरून उचललेला ठेका जमला, सगळे खूश. तेवढ्यात मॉरिसचा पाय वायरीला लागला आणि सगळं पुसलं गेलं, असं बॅसिस्ट पीटर हुक सांगतो. दुसऱ्यांदा केलेलं पहिल्याइतकं जमलं नाही, ही त्याची तक्रार. मार्च १९८३मध्ये आलेलं तेच 'दुय्यम' गाणं बारा इंची सिंगलच्या खपात ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं.

मशीन आलं की ड्रमर घरी बसणार, असं तेव्हा अनेकांना वाटे. मॉरिस बसला नाही. ठेका सुटा करून पुन्हा जोडायची तालीम हॅनेटनं त्याच्याकडून आधीच करून घेतली होती. बटणं दाबताना तीच कामी आली. मंचावर तर तो सीक्वेन्सरच्या जोडीनं हातानंही वाजवत राहिला. आजच्या तारखेला परतलात की 'अननोन प्लेझर्स'मधलं 'शीज लॉस्ट कंट्रोल' आणि 'ब्लू मंडे' पाठोपाठ ऐका. एकात माणूस यंत्रासारखा वाजवतो, दुसऱ्यात यंत्र माणसानं शिकवलेलं वाजवतं. डोकं दोन्हीकडे ड्रमरचंच.