उत्तर बरोबर, समज कच्ची

गणित सुटले की संकल्पना समजली, असे पदार्थविज्ञानाचे शिक्षक पूर्वापार मानत आले. या विश्वासाला अमेरिकेत १९८५ मध्ये हादरा बसला. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी आकडेमोड नसलेली, केवळ गती आणि बल यांची समज तपासणारी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातूनच १९९२ मध्ये हेस्टेनिस, माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही २९ बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी घडवली. तिचे मर्म चुकीच्या पर्यायांत होते. ट्रक आणि मोटारीची टक्कर झाली तर ट्रक अधिक बल लावतो, वर फेकलेल्या वस्तूत हाताचा जोर काही काळ टिकून राहतो, अशा मुलांच्या मनात घट्ट रुजलेल्या समजुतीच तिथे पर्याय म्हणून मांडल्या होत्या. त्यामुळे चुकलेले उत्तरही विचाराची दिशा दाखवू लागले. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांना आढळले, की अवघड गणिते सोडवणारे विद्यार्थीही अशा साध्या प्रश्नांवर अडखळतात. त्यांनी आपली शिकवण्याची पद्धतच बदलली. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६,५४२ विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांतले निकाल एकत्र मांडले. गुण वाढायला जेवढी जागा होती, तिच्यापैकी निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के, तर विद्यार्थ्यांना चर्चेत गुंतवणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के भरून काढली होती.

तरीही ही चाचणी नेमके काय मोजते, हा प्रश्न डग्लस हफमन आणि पॅट्रिशिया हेलर यांनी १९९५ मध्येच विचारला. एकाच संकल्पनेवरच्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या विश्लेषणात एकमेकांशी फारशी जुळत नव्हती. प्रसंग बदलला की विद्यार्थ्याचा तर्कही बदलत होता. चाचणीकर्त्यांनी एकूण गुणांवर भर देत उत्तर दिले, पण आक्षेप खोडून निघाला असे मला वाटत नाही. पाठ केलेले उत्तर आणि उमगलेले उत्तर कागदावर सारखेच दिसते. मात्र म्हणून चाचणी टाकाऊ ठरत नाही. हे प्रश्न इतके सोपे आहेत की मुले ते सोडवतीलच, अशी खात्री असलेल्या शिक्षकाला वर्गाच्या निकालातून मिळणारा पुरावा नाकारता येत नाही. शिकवण्यातले अपयश चाचणी विश्वासार्हपणे दाखवते. एखाद्या मुलाला विषय समजल्याची हमी मात्र ती देऊ शकत नाही. म्हणून तिचे निकाल शिकवणे सुधारण्यासाठी वापरावेत, आणि मुलाची समज ठरवताना त्याला ‘का’ हे स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे.