लॉगिन, रात्री ८:३६

जानेवारी २०१५. ढाका. बांगलादेश बँकेच्या, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, काही कर्मचाऱ्यांना ‘रसेल अहलाम’ या नावाने ईमेल आले. नोकरी हवी होती. बायोडेटाची लिंक सोबत होती. निदान एकाने तरी ती उघडली. या नावाचा कोणी उमेदवार नव्हता.

मे २०१५. मनिलातील आरसीबीसी बँकेच्या ज्युपिटर स्ट्रीट शाखेत काही खाती उघडली गेली. प्रत्येकात ५०० डॉलर. पुढे नऊ महिने त्यांवर काहीच व्यवहार नाही.

२९ जानेवारी २०१६. त्या ईमेलच्या वाटेने शिरून बांगलादेश बँकेच्या नेटवर्कमध्ये वर्षभर वावरणारे घुसखोर स्विफ्टच्या, म्हणजे बँकांमध्ये पैशांचे आदेश पोचवणाऱ्या यंत्रणेच्या, संगणकापर्यंत पोचले. तिथे त्यांना लोकल अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळाले होते. स्विफ्टची खोली १२ फूट बाय ८ फूट, बिनखिडकीची. चार सर्व्हर, चार मॉनिटर. बँकेच्या बाकी संगणकांपासून ही खोली तोडणारी फायरवॉल नव्हती. तपास करणाऱ्यांना नंतर सापडले ते प्रत्येकी १० डॉलरचे जुने नेटवर्क स्विच.

गुरुवार, ४ फेब्रुवारी, रात्री ८:३६. स्विफ्टवर ऑपरेटरचं लॉगिन झालं. युजरनेम खरं, पासवर्ड खरा. संगणकाला एवढंच पुरतं. खुर्चीत कोण बसलंय हे तो विचारत नाही. ढाक्यात शुक्रवार-शनिवारची सुट्टी सुरू होत होती. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९:३६ वाजले होते.

त्यानंतरचे तास. बांगलादेश बँकेचं डॉलर खातं असलेल्या न्यूयॉर्क फेडला पैसे पाठवण्याचे ३५ आदेश गेले. एकूण रक्कम ९५.१ कोटी डॉलर. मधल्या बँकांची नावं नसल्याने ते सगळे परत आले. ही पहिली सूचना होती, पण ती वाचायला ढाक्यात कोणी बसलेलं नव्हतं. नावं भरून आदेश पुन्हा पाठवले गेले.

दर तासाला. घुसखोरांचा प्रोग्राम स्विफ्टच्या नोंदवहीत डोकावून पाहत होता: कोणी लॉगिन केलंय, कोणी बाहेर पडलंय. नोंदी होत होत्या आणि त्या नेमाने वाचल्याही जात होत्या; वाचणारा मात्र बँकेचा नव्हता. प्रोग्रामला मुदतही दिलेली होती, ६ फेब्रुवारी, सकाळी ६ पर्यंत.

शुक्रवार, पहाटे ३:५९. लॉगआउट.

सकाळी ८:४५. ड्यूटी मॅनेजर आले. आदल्या दिवसाचे व्यवहार आपोआप छापणारा प्रिंटर गप्प होता. तो असा पूर्वीही अडला होता. घुसखोरांनी या खेपेला मुद्दाम त्याचं तोंड बंद केलं होतं.

सकाळी ११:१५. दुरुस्तीचं सहकाऱ्यांना सांगून ते घरी गेले. सुट्टीचा दिवस, बिघाडही ओळखीचा. दुसरं कोणी असतं तरी त्याने हेच केलं असतं.

त्याच दिवशी, मनिला. आदेशांपैकी पाच सुटले होते. चार आदेशांचे ८.१ कोटी डॉलर ज्युपिटर स्ट्रीटला पोचले आणि सुमारे २.२७ कोटी तिथून लगेच पुढे गेले. पाचवा, २ कोटींचा, श्रीलंकेतील शालिका फाउंडेशनच्या नावे होता. ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलेलं पाहून मधल्या डॉइश बँकेने खुलासा मागितला आणि तो पैसा अडला. उरलेले ३० आदेश फेडने थांबवले. त्यात ‘ज्युपिटर’ या शब्दाचा हात होता. निर्बंधांच्या यादीतील एका जहाजाशी हे नाव जुळत होतं, म्हणून छाननी झाली. बाकी सगळी कुलपं उघडी पडल्यावर कामाला आला तो हा योगायोग.

शनिवार, ६ फेब्रुवारी, सकाळ. स्विफ्ट सुरू करताच पडद्यावर आलं, फाइल गहाळ आहे किंवा बदललेली आहे. खटपटीनंतर छपाई सुरू झाली आणि आदेशांबद्दल न्यूयॉर्क फेडने विचारलेले प्रश्न कागदावर उतरले. ढाक्याने फोन केले, ईमेल केले. आता न्यूयॉर्कमध्ये सुट्टी होती.

सोमवार, ८ फेब्रुवारी. पैसे थांबवण्याचा संदेश मनिलाला गेला. तिथे चिनी नववर्षाची सुट्टी.

मंगळवार, ९ फेब्रुवारी. संदेश आरसीबीसीत पोचलेला होता. त्याच दिवशी ज्युपिटर स्ट्रीटच्या खात्यांतून आणखी ५.८१ कोटी डॉलर निघाले. मोठा हिस्सा कॅसिनोंच्या वाटेने गेला.

खाती गोठवली तेव्हा त्यांत ६८,३०५ डॉलर होते.