शिवराईचा राप

महाबळेश्वरच्या देवळात १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाऊ मांसाहेबांची सुवर्णतुला केली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. सोन्याचा रंग शतके लोटली तरी उतरत नाही. पण १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रयतेच्या हाती जे नाणे खेळले, ते तांब्याचे होते. ती शिवराई. आणि तांब्यावर काळ आपली खूण ठेवतोच.

शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ती हातोड्याने ठोकून पाडलेली असल्यामुळे ठसा अनेकदा चकतीबाहेर जाई. म्हणून पुरती अक्षरे असलेले नाणे विरळा. महाराजांनंतरही, अगदी पेशवाईतदेखील, हाच मजकूर ठिकठिकाणच्या टांकसाळींतून निघत राहिला. त्यामुळे घरात सापडलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्याच काळातली, असे समजू नये.

सातारा जिल्ह्यात आजही कितीतरी देवघरांत शिवराई पूजेला असते. सणावाराला देवांबरोबर तीही चिंच-मीठ लावून घासली जाते. भाव चांगला असतो, पण नाण्याचे नुकसान होते. घासणीबरोबर अक्षरांच्या कडा झिजतात आणि नाण्यावरचा राप निघून जातो.

हा राप म्हणजे काय? हवेने तांब्यावर प्रथम तांबूस-तपकिरी पापुद्रा धरतो, मग तो काळपट होतो. ओल्या मातीत पुरलेल्या नाण्यावर हिरवे जंगाल चढते. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथल्या जांभ्या मातीत राहिलेले नाणे आणि कोरड्या माणदेशातल्या मडक्यात राहिलेले नाणे सारखे दिसणार नाही. नाणे कुठे आणि कसे राहिले, याची साक्ष हा राप देतो.

ही साक्ष खोटीही करता येते. घासून उजळलेले नाणे किंवा नवे बनावट नाणे गंधकाच्या द्रावणात बुडवले की थोड्याच वेळात काळे पडते. कल्हईवाल्याचा नवसागर आणि मीठ वापरून हिरवा रंगही आणता येतो. मग ‘किल्ल्याखाली सापडलेली शिवराई’ म्हणून ती विकली जाते.

फरक भिंगातून पाहावा. खरा राप थराथराने चढलेला असतो. उंच अक्षरे हाताळून गुळगुळीत व फिकट झालेली असतात आणि खोलगट भागात रंग गडद असतो. बनावट रंग बहुधा सगळीकडे सारखा असतो, नाहीतर खाचांत भुकटीसारखा साचलेला; ओल्या कापसाने पुसला तर कधी कधी कापसाला लागतो. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि काठावर जोडाची रेघ सापडू शकते. तरीही नुसत्या रंगावर निवाडा करू नये. अक्षरांचे वळण, वजन आणि धातू ही सारी एकत्र पाहावीत. वाकबगार माणसेही फसतात.

एक हिरवा रंग मात्र रोगाचा असतो. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी वारंवार उगवत असेल, तर क्षार तांबे खात आहेत असे समजावे. असे नाणे कोरड्या जागी वेगळे ठेवून जाणकाराला दाखवावे.

एरवी नाणे काठाला धरावे, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत किंवा रबरबँड लावून ठेवू नये. शेतात नाण्यांचा साठा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तो साठाही धुऊन नेऊ नये. मातीसकट नेला तर अभ्यासकांना अधिक सांगतो.

येत्या दिवाळीत देवघरातली शिवराई पूजेला जरूर घ्यावी. तिला हळद-कुंकू मात्र ताम्हनात वाहावे, आणि चिंचेपासून दूर ठेवावे.