प्लॅस्टिकचे दोन वीर

दिवाळी जवळ आली कीं आमच्याकडे मुलें अंगणांत मातीचा किल्ला बांधतात, त्यावर अळीव पेरतात, वर शिवाजीमहाराजांचें सिंहासन मांडतात आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करतात. हा मावळा मान वळवीत नाहीं कीं हात उचलीत नाहीं. कुंभारानें ज्या पवित्र्यांत त्याला घडविलें, त्याच पवित्र्यांत तो चार दिवस पहारा करतो. त्याचें चालणें, लढणें, पडणें हें सारें मुलाच्या मनांत घडतें. आज मी ज्या खेळण्यांविषयीं बोलणार आहें, तीं या मावळ्यांच्या अगदीं उलट प्रकृतीचीं आहेत. त्यांचे सांधे वळतात, त्यांच्या हातांतलीं शस्त्रें बदलतां येतात, आणि त्यांची कथाहि कारखान्यांतूनच वेष्टनावर छापून येते. अमेरिकेंत त्यांना ‘अॅक्शन फिगर’ म्हणतात.

मीं तीसएक वर्षें शाळामास्तरकी केली. साठी उलटलेल्या मास्तराच्या कपाटांत व्याकरणाच्या पुस्तकांशेजारीं असलीं सव्वाशें खेळणीं मांडलेलीं आहेत, हें ऐकून कांहीं श्रोते हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. परंतु नाण्यांवरून राज्याचा इतिहास कळतो, तसा खेळण्यांवरून समाजाचा कळतो, अशी माझी समजूत आहे. आणि ती कशावरून झाली तें सांगण्यासाठींच हें भाषण आहे.

या खेळण्याचा जन्म एका अडचणींतून झाला. १९५९ सालीं मॅटेल कंपनीनें बार्बी नांवाची बाहुली बाजारांत आणली. बाहुली एकदां विकावयाची आणि तिचे पोषाख वर्षानुवर्षें विकीत राहावयाचें, ही तिच्यामागची युक्ति होती. हीच युक्ति मुलग्यांनाहि लागू करतां येईल, असें स्टॅन वेस्टन नांवाच्या गृहस्थाच्या मनांत आलें. त्यानें १९६३ सालीं ही कल्पना ऱ्होड आयलंड राज्यांतील पॉटकेट गांवच्या हॅसेनफेल्ड ब्रदर्स, म्हणजे पुढें हॅस्ब्रो या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीकडे नेली. तेथील डॉन लेव्हिन यानें ती प्रत्यक्षांत उतरविली, आणि १९६४ सालीं बारा इंच उंचीचा, २१ हालते भाग असलेला सैनिक, जी. आय्. जो, दुकानांत आला. वेस्टननें मात्र एकरकमी एक लाख डॉलर्स घेऊन आपला हक्क सोडून दिला होता.

अडचण अशी, कीं अमेरिकन बाप आपल्या मुलग्याला बाहुली घेऊन देणें शक्य नव्हतें. म्हणून कंपनीनें ‘बाहुली’ हा शब्दच वर्ज्य केला आणि वर सांगितलेलें नवें नांव काढलें. दुसरी अडचण नकलेची होती. मनुष्याच्या आकृतीवर कोणी हक्क सांगावा? यावर उपाय म्हणून जोच्या गालावर एक व्रण ठेवला. शिवाय सांचा करतांना एका आंगठ्याचें नख चुकून उलट्या बाजूस कोरलें गेलें होतें. ती चूक न सुधारतां अस्सलपणाची खूण म्हणून तशीच राहूं दिली. आमच्या शाळेंत उत्तरपत्रिका ओळखावयाच्या त्या चुकांवरूनच! ती गोष्ट या ठिकाणीं मला आठवते.

पण शब्द बदलल्यानें वस्तु बदलते काय? हा प्रश्न पंचवीस वर्षांनीं खरोखरच न्यायालयापुढें आला. अमेरिकेच्या जकातींत बाहुली आणि इतर खेळणीं यांस निरनिराळे दर होते. परदेशांत तयार करवून आणलेले आपले सैनिक बाहुल्या नव्हेत, असें हॅस्ब्रोचें म्हणणें होतें. १९८९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं जो ही बाहुलीच होय. पुढें २००३ सालीं ‘एक्स-मेन’ या अद्भुत पात्रांचा खटला निघाला, तेव्हां मात्र तीं पात्रें पूर्णतः मानवी नसल्यामुळें बाहुल्या नसून खेळणीं आहेत, असें ठरलें. म्हणजे साधा माणूस ती बाहुली, आणि अमानुष तें खेळणें! शब्दांचा कीस काढणाऱ्या कोणाहि वैयाकरणानें या निकालांना हात जोडावे.

पहिल्या जोचें आयुष्य बारा वर्षांचें झालें. व्हिएटनामच्या युद्धामुळें लोकांचें मन सैनिकावरून उडालें, तेव्हां कंपनीनें त्याला साहसी प्रवासी बनवून पाहिलें. १९७३ नंतर तेल महागलें आणि त्याबरोबर प्लॅस्टिकहि महागलें. १९७६ च्या सुमारास हा बारा इंची वीर निवृत्त झाला. त्याच सुमारास ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाचीं खेळणीं करण्याचा हक्क मेगो नांवाच्या त्या वेळच्या बड्या कंपनीनें नाकारला आणि तो सिनसिनाटीच्या केनर कंपनीनें घेतला. १९७७ सालीं चित्रपट इतका चालला कीं नाताळापर्यंत खेळणीं तयार होईनात. तेव्हां केनरनें रिकामी पेटी विकली. पेटींत चित्रें आणि एक कूपन. खेळणीं पुढच्या वर्षीं टपालानें यावयाचीं. लोकांनीं तीहि घेतली! हीं खेळणीं अवघीं पावणेचार इंचांचीं होतीं. आकृति लहान झाली म्हणून तिच्या मापाचीं विमानें आणि वाहनें विकतां येऊं लागलीं, आणि सबंध धंद्याचें मापच बदललें. हक्क नाकारणारी मेगो १९८२ सालीं दिवाळखोरींत गेली.

याच १९८२ सालीं आपले दोन वीर समोरासमोर उभे राहिले. हॅस्ब्रोनें जी. आय्. जोला पावणेचार इंचांत पुन्हां जन्म दिला, आणि मॅटेलनें साडेपांच इंचांचा हीमॅन आणला. माझ्या कपाटांत हे दोघे शेजारीं शेजारीं आहेत, आणि त्यांच्याकडे पाहतांना मला दोन भिन्न विचार दिसतात.

प्रथम देह पाहूं. हीमॅन म्हणजे आखाड्यांतला मल्ल. गुडघे किंचित् वांकलेले, दंड फुगलेले. त्याला कोपर नाहीं, गुडघ्याचा सांधा नाहीं. पण कमरेंत एक स्प्रिंग आहे. कंबर पिळून सोडली कीं तो फिरून ठोसा मारतो. एवढा एकच डाव, पण तो चार वर्षांच्या मुलालाहि साधतो. जोच्या अंगांत मात्र मान, खांदे, कोपरें, कंबर, मांड्या, गुडघे हे सारे सांधे आहेत. तो बसतो, रांगतो, रणगाड्याचें सुकाणूं धरतो. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या दंडाला वळण देऊन बंदूक दोन्ही हातांनीं धरण्याची सोय केली गेली. पण या नाजुकपणाची किंमत असते. जोचा आंगठा चटकन् मोडतो. हीमॅन जिन्यावरून पडला तरी उठून उभा राहतो.

आतां काटकसर. मॅटेलनें एकाच धडाच्या सांच्यांतून कितीतरी पात्रें काढलीं. गौरीच्या सणांत मुखवटा बदलावा तसें शिर बदलावयाचें, रंग निराळा द्यावयाचा कीं नवा योद्धा तयार. हीमॅन ज्या हिरव्या वाघावर बसतो, तो वाघ कंपनीच्या ‘बिग जिम’ या जुन्या खेळण्यांतला. त्याला फक्त नवा रंग दिला. हॅस्ब्रोनेंहि पहिल्या वर्षीं पुष्कळ अवयव वाटून वापरले, परंतु पुढें जवळजवळ प्रत्येक सैनिकास स्वतंत्र चेहरा आणि स्वतंत्र गणवेश मिळूं लागला. १९८५ सालीं तर या सैनिकांसाठीं सात फुटांहून लांब विमानवाहू जहाज विक्रीस आलें. तें ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न अमेरिकन घरांतहि पडला असावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कथेची. आपल्याकडे पुष्कळ देवळांत मूर्ति आधीं आणि स्थलपुराण मागाहून, असा क्रम दिसतो. हीमॅनचें तसेंच झालें. प्रारंभीं त्याच्या वेष्टनांत येणाऱ्या छोट्या चित्रपुस्तिकेंत तो रानांतून भटकणारा एक रानटी वीर होता. १९८३ सालीं फिल्मेशन कंपनीची चित्रमालिका सुरू झाली, तेव्हां तो अॅडम नांवाचा राजपुत्र झाला आणि प्रत्येक भागाच्या शेवटीं मुलांना बोध करूं लागला. जोची कथा मार्व्हलच्या चित्रमासिकांत लॅरी हामा या लेखकानें लिहिली. हामा स्वतः सैन्यांत राहून आलेला होता. प्रत्येक सैनिकाच्या वेष्टनामागें त्याचें टोपणनांव, जन्मगांव, हुद्दा आणि स्वभाव सांगणारी एक लहान टिपणी असे, तीहि त्याचीच. मला विचाराल तर या टिपण्या हें जोचें खरें बळ. चार-सहा ओळींत माणूस उभा करणें हें निबंध शिकविणाऱ्यासहि सोपें नसतें.

या कथांच्या मागें व्यापार होता, हें मात्र विसरूं नये. खेळण्याच्या जाहिरातींत हालतीं चित्रें किती दाखवावींत यावर त्या वेळीं अमेरिकेंत बंधनें होतीं. हॅस्ब्रोनें खेळण्याऐवजीं चित्रमासिकाची जाहिरात दूरचित्रवाणीवर केली. मासिकाला तें बंधन लागू नव्हतें. १९८४ सालीं सरकारी आयोगानें मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा काढली, आणि अर्ध्या तासाचा सबंध कार्यक्रमच जाहिरात होऊन बसला. १९९० सालीं कायदा करून पुन्हां मर्यादा घालावी लागली. मुलाला गोष्ट सांगणें हें फार जुनें काम आहे. पण गोष्ट संपतांच दुकानाचा पत्ता सांगणारा कथेकरी आजीच्या मांडीशीं कधीं बसला नव्हता.

अति झालें कीं काय होतें तेंहि याच इतिहासांत दिसतें. १९८६ सालीं हीमॅनच्या मालिकेची एकट्या अमेरिकेंत चाळीस कोटी डॉलर्सची विक्री झाली आणि पुढच्याच वर्षीं ती सत्तर लाखांवर आली, असें सांगतात. दुकानांत नव्या नव्या विचित्र पात्रांचे ढीग पडले, आणि ज्याच्यासाठीं मूल हट्ट धरी तो मुख्य वीर त्यांत सांपडेना. जोनें आणखी तग धरला. १९९४ सालीं तोहि थांबला.

आपल्याकडे हे दोघे जरा उशिरां आले. हीमॅनची ओळख पुष्कळ घरांत दूरदर्शनवरून झाली. जो मात्र गोव्यांतून आला! मद्रासची एम्. आर्. एफ्. ही टायर कंपनी आणि हॅस्ब्रो यांनीं मिळून १९८७ सालीं फनस्कूल कंपनी काढली. तिच्या गोव्यांतील कारखान्यांत हॅस्ब्रोच्या सांच्यांतून जोचे सैनिक निघूं लागले, आणि अमेरिकेंत तो थांबल्यावरहि येथें कांहीं वर्षें निघत राहिले. त्यांचे कांहीं रंग अमेरिकेंत कधींच निघाले नव्हते; म्हणून आज परदेशचे संग्राहक हे गोव्याचे सैनिक मुद्दाम शोधतात.

याच सैनिकांपैकीं एक माझ्या संग्रहाचें मूळ आहे. १९९० च्या सुमारास सहावीच्या वर्गांत तास चालूं असतां एका मुलाच्या हातांत मला असा सैनिक दिसला. मीं तो जप्त केला, ‘वर्षअखेर ने’ म्हणालों आणि कपाटांत टाकला. वर्षअखेरीस मी विसरलों. मुलगाहि मागावयास आला नाहीं. मास्तरांपाशीं मागावयाचें धैर्य त्याला झालें नसावें. वडिलांची बदली होऊन तीं मंडळी गांव सोडून गेलीं, हें मला मागाहून कळलें. सातएक वर्षांनीं कपाट आवरतांना तो सैनिक सांपडला तो कमरेंत दुभंगलेला. पत्र्याखालच्या उन्हांत इतकीं वर्षें टाकल्यावर कोणतें रबर टिकेल? पाठीवरचा स्क्रू काढून पाहिलें. धड आणि पाय यांना जोडणारें एक बारीक रबरी कडें आंत होतें. तें तुटलें होतें. नळाचें सामान विकणाऱ्या दुकानांत तशाच मापाचें कडें मिळालें. तें बसवितांच सैनिक उभा राहिला, आणि त्याची रचना कोणी, कशी, कशासाठीं केली असेल, या कुतूहलानें मीं पुढचीं वर्षें घालविलीं.

आतां या छंदाला प्रतिष्ठा आली आहे. लेव्हिननें केलेला जोचा पहिला नमुना २००३ सालीं दोन लाख डॉलर्सना विकला गेला. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथील खेळण्यांच्या सन्मानदालनांत जोचा २००४ सालीं समावेश झाला. हीमॅनच्या मालिकेचा २०२२ सालीं, आणि त्याच वर्षीं आपल्या भोवऱ्याचाहि. २०२० पासून दोन्ही कंपन्यांनीं या वीरांच्या नव्या मालिका काढल्या, त्या मुख्यतः लहानपणीं यांच्याशीं खेळलेल्या प्रौढांसाठींच.

दोघांत श्रेष्ठ कोण, असें मला तरुण संग्राहक विचारतात. माझें उत्तर असें, कीं हीमॅन मुलाला आपण बलवान् आहों असें वाटावयास लावतो, आणि जो त्याला पुष्कळ निरनिराळीं माणसें एकत्र कशीं काम करतात तें दाखवितो. लहान मुलाला पहिल्याची गरज असते, जाणत्या मुलाला दुसऱ्याची. मास्तर या नात्यानें माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण आपला मातीचा मावळा या दोघांपेक्षां एका बाबतींत मोठा आहे. त्याच्या वेष्टनावर कांहींच लिहिलेलें नसतें. मूल जें सांगेल तीच त्याची कथा.

माझ्या संग्रहाची मीं एक वही ठेवली आहे. तींत प्रत्येकाचें वर्ष, माप, रंग आणि कोणाकडून मिळाला तें लिहिलें आहे. त्या जप्त केलेल्या सैनिकाला मात्र त्या वहींत क्रमांक दिलेला नाहीं. तो माझा नव्हेच. सहावीच्या त्या मुलाची ती ठेव आहे. आज तो पंचेचाळिशीच्या आंतबाहेर असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें आणि त्याला ती गोष्ट आठवली, तर त्यानें येऊन आपला सैनिक घेऊन जावा. आतां मागावयाला भिण्याचें कारण नाहीं.