लेन्स बाहेर अडकली, ढकलू का?

चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका मराठी प्रेक्षकाने विचारलंय : समुद्रावर नेलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर अडकली आहे. आत आईचे शेवटच्या सहलीचे फोटो आहेत. लेन्स दाबून आत ढकलू का?

नको. का नको, ते समजायला थोडं मागे जाऊ.

१८३९ साली पॅरिसमध्ये विक्रीला आलेला दागेरचा कॅमेरा म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन लाकडी पेट्या. मागची पेटी हाताने सरकवायची, काचेवर चित्र स्पष्ट झालं की थांबायचं. पेटी अडली तर कुठे अडली ते हातालाच कळायचं. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन १९१८ च्या सुमारास चक्क सिनेमाचा कॅमेरा तयार केला. ज्याने यंत्र घडवलं, त्याला ते बिघडलं तर उघडायची भीती कसली?

पुढे हाताची जागा मोटरने घेतली. १९७७ साली कोनिकाने स्वतःच फोकस करणारा कॅमेरा बाजारात आणला. १९८६ साली पेंटॅक्सने छोट्या कॅमेऱ्यात झूम बसवला. २००३ च्या पेंटॅक्स ऑप्टिओ एसमध्ये तर लेन्स मिटताना भिंगांचा एक गट चक्क बाजूला सरकतो, म्हणून कॅमेरा इतका पातळ झाला.

पण पातळपणाची किंमत असते. अशा लेन्समध्ये एकात एक नळ्या, त्यांना तिरक्या खाचा, आणि त्या फिरवायला इवलीशी मोटर व नाजूक दातेरी चाकं असतात. नळी ठरल्या वेळेत जागेवर पोचली नाही, की कॅमेरा चूक दाखवून थांबतो. त्यासाठी वाळूचा एक कण पुरतो. अशा वेळी जोराने ढकललं, तर अडलेल्या चाकाचे दात तुटतात. दागेरच्या पेटीला चालणारा हात इथे घातक ठरतो.

मग करायचं काय? आधी कार्ड काढून घ्या. फोटो कार्डावर असतात, लेन्समध्ये नव्हे. आईचे फोटो बहुतेक सुखरूप असतील. मग बॅटरी पूर्ण चार्ज करा. लेन्स हलवायला बरीच वीज लागते, आणि कमजोर बॅटरीनेही ती अर्ध्यावर थांबते. कॅमेरा बंद ठेवून, लेन्स जमिनीकडे धरून, नळ्यांच्या फटीतली वाळू हाताच्या रबरी पंपाने उडवा. नंतर चालू करून कान द्या. मोटर फिरते पण नळी हलत नाही, तर दोष बहुधा चाकांत किंवा खाचांत. आवाजच नाही, तर मोटर किंवा तिची वायर तपासायला हवी. इथून पुढचं काम कारागिराचं. घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही जोरदार झटका देण्याइतकी वीज साठून राहते.

बाबूरावांसारखा कॅमेरा आपण घडवू शकणार नाही. पण तो कुठे अडलाय, हे ऐकून ओळखण्याइतकी ओळख ठेवायला काय हरकत आहे?